सासऱ्यांची बीटल विकू, की पुण्याची मर्सिडीज सोडू?

वाचकांचे प्रश्न, फिटरकाकांची उत्तरं

प्रश्न : काका, आमच्या घरी सासऱ्यांची १९६७ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० मॉडेल. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती होटगी रोडच्या शेडमध्ये दोन जुन्या चादरींखाली उभी आहे. मिस्टरांना पुण्यात १९९५ची मर्सिडीज ई २२० पसंत पडलीय. ते म्हणतात, दोन्ही जर्मन, दोन्ही जुन्या, मग बंद गाडी विकून चालती घेऊ. त्यांच्या एका मित्राने तर सांगितलं, बीटलमध्ये मारुतीचं इंजिन टाका, कटकट मिटेल. मला गाडीतलं काही कळत नाही. पण मामंजी दर गुरुवारी याच गाडीने अक्कलकोटला जायचे, तेव्हा विकायचं म्हटलं की घशाशी येतं. जपून ठेवण्यासारखी नेमकी कुठली? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, तुम्ही दोन फोटो पाठवलेत. मर्सिडीजचा फोटो विकणाऱ्याने काढलाय आणि बीटलचा घरच्या माणसाने, हे बघताक्षणी कळतं. कारण बीटलच्या फोटोत खाली फरशीवर तेलाचा डाग आहे आणि तो कुणी पुसलेला नाही. त्या डागाला घाबरू नका. सहा वर्षं उभ्या गाडीचे रबरी सील वाळले की तेल गळतंच.

मारुतीच्या इंजिनाचा विषय आधी संपवतो. नाही म्हणजे नाही. ते बसवायला मागचा पत्रा कापावा लागतो, पुढे रेडिएटर घुसवावा लागतो आणि शेवटी जे उरतं ते बीटलच्या टोपीतलं भलतंच काहीतरी. शिवाय कागदाच्या बाजूनेही तो मार्ग पायावर धोंडा पाडून घेणारा आहे, ते पुढे सांगतो.

आता दोन्ही जर्मन, दोन्ही जुन्या, हे मिस्टरांचं म्हणणं. वयाच्या दाखल्यावर दोन गाड्यांत २८ वर्षांचं अंतर आहे. प्रत्यक्षात जवळजवळ ५० वर्षांचं. बीटल १९६७ची असली तरी तिचा आराखडा १९३०च्या दशकातला, फर्डिनांड पोर्शेचा. ज्याच्याकडे सायकलपलीकडे काही नाही अशा माणसासाठी काढलेली गाडी. कारखान्याची पायाभरणी १९३८ची, पण मग युद्ध आलं, आणि लोकांच्या हातात ती खऱ्या अर्थाने पडायला लागली १९४५नंतर, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली. तुमच्या गाडीत १२८५ सीसीचं इंजिन आहे, ४० घोड्यांचं. मागे बसवलेलं, चारही सिलिंडर आडवे, आणि पाण्याचा थेंब नाही. सगळं काम वाऱ्यावर. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावासाठी याहून शहाणी गाडी कुणी काढली असेल असं मला वाटत नाही.

पुण्यातली ती ई २२० म्हणजे डब्ल्यू १२४ जातीची. ही जात १९८४च्या अखेरीस जर्मनीत आली. ज्याच्याकडे सगळं आहे, त्याला आणखी काय द्यावं, असा विचार करून बनवलेली. २.२ लिटर, १६ व्हॉल्व्ह, १५० घोडे. १९९५मध्ये ती पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळवायला लागले, म्हणजे मिस्टरांना पसंत पडलेली जर्मन बाई आपल्या शेजारच्या गावची निघाली. त्या वर्षी सात रस्त्याला एका सूतगिरणीवाल्यांची पहिल्यांदा बघितली. दार लावल्याचा आवाज ऐकायला मी त्यांच्या ड्रायव्हरला चहा पाजून तीनदा दार लावायला लावलं होतं. अजूनही तो आवाज तसाच येतो, तपासून बघा. धप्प. मध्ये कुठेही पत्रा वाजत नाही.

आणि पुढच्या काचेवर वायपर एकच. लोक हसायचे. पण तो नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता लांब होतो, आखूड होतो, आणि काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. एका हाताने अख्खी काच. सोलापूरच्या पावसाला एवढी कारागिरी लागत नाही, हा भाग वेगळा.

तेव्हा चांगली गाडी कुठली, असं विचाराल तर मर्सिडीज. ब्रेक, बसणं, रस्ता धरणं, टेंभुर्णीच्या पुढे शंभरच्या वेगात हातातलं पुस्तक वाचावं इतकी शांतता, कशातच तुलना नाही. तुम्ही मात्र विचारलंय जपून ठेवण्यासारखी कुठली. तो प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर मला दोन वेळा फटका खाऊन मिळालंय.

पहिला फटका बीटलचा. मी तेव्हा शिकाऊ. वकीलसाहेबांची बीटल उस्तादांनी दुरुस्त केलेली, आणि ती तुळजापूरला नेऊन द्यायची म्हणून मला दिली. मे महिना. तामलवाडी मागे पडली आणि समोर लाल दिवा लागला. मी काय समजलो, चार्जिंग बंद झालं. बॅटरीवर निघू, तुळजापूरला बघू. भरदुपारी कोण थांबणार? सहाएक किलोमीटरवर इंजिनाने एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि धरलं. जाम.

झालं असं होतं की बेल्ट तुटला होता. बीटलमध्ये डायनामो आणि वाऱ्याचा पंखा एकाच दांड्यावर असतात. बेल्ट गेला की चार्जिंग जातं, आणि त्याच क्षणी इंजिनाचा वाराही बंद होतो. पाण्याची गाडी तुम्हाला काट्यावर दाखवते, वाफ काढते, शिट्टी मारते. बीटल एक लाल दिवा दाखवते, बस्स. उस्ताद ट्रकने आले. काही बोलले नाहीत. मागचं झाकण उघडून लोंबणारा बेल्ट बघितला आणि म्हणाले, “लाल दिवा दिसला नाही काय बे?” त्यानंतर चार महिने मला पान्याला हात लावू दिला नाही, नुसतं पार्ट धुवायला बसवलं.

पण त्याच बेल्टने मला ती गाडी समजली. बेल्ट सैल झाला तर बाकीच्या गाड्यांत डायनामो बाहेर ओढून कसतात. बीटलमध्ये डायनामो जागचा हलतच नाही. त्याची पुली दोन ताटल्यांची, आणि त्या ताटल्यांच्या मधे पातळ वॉशर. पुलीच्या कडेला एक खाच असते, तिथे स्क्रूड्रायव्हर अडकवायचा म्हणजे पुली फिरत नाही, मग २१चा पाना लावून नट काढायचा. मधला एक वॉशर काढला की ताटल्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढून ताठ होतो. आणि काढलेला वॉशर खिशात टाकायचा नाही, नटाखाली बाहेरच्या बाजूला लावायचा. का? पुढे नवा बेल्ट टाकताना तो परत मधे घालावा लागणार. सुटा भाग गाडीवरच सांभाळून ठेवायची जागा करून ठेवलीय. आमच्या आजीचा कनवटीला सुई-दोरा असायचा, तसं.

दुसरा फटका मर्सिडीजचा. दहा-बारा वर्षांपूर्वी एक डॉक्टर ई २२० घेऊन आले. गाडी थंड असताना नीट, गरम झाली की उचक्या देणार, सिग्नलला बंद पडणार. त्यांनी आधी बाहेरगावच्या एका वर्कशॉपमध्ये दोनदा महागडे पार्ट बदलून घेतले होते. मी प्लग बघितले, पंप बघितला, तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी इंजिनावरून जाणारी वायर सहज अंगठ्याखाली आली आणि तिचं आवरण हातात आलं. भाजलेल्या शेंगदाण्याचं साल तळव्यात चोळल्यावर जसं निघतं, अगदी तसं. खाली उघडी तांब्याची तार. शेजारची तीच, तिच्या शेजारची तीच. गरम झालं की एकमेकींना चिकटायच्या आणि गाडीच्या मेंदूला भलताच निरोप जायचा.

तो एका गाडीचा दोष नव्हता. १९९३ ते १९९५च्या सुमारास मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंगला जे आवरण वापरलं, ते जमिनीत कुजून जावं अशा चांगल्या हेतूने बनवलेलं होतं. ते जमिनीत जायची वाट न बघता बॉनेटखालीच कुजलं. अख्खा संच बदलणं हाच उपाय. मिस्टर जी गाडी बघतायत ती नेमकी त्याच वर्षांतली. विकणाऱ्याला विचारा, इंजिनाचं वायरिंग बदललंय का, बिल दाखवा. बिल नसेल तर वायरिंगची बाहेरची काळी नळी दोन बोटं सरकवून आतल्या रंगीत वायरी हलकेच वाकवून बघा. तडे दिसले तर त्या खर्चासकट किंमत धरा. आणि दारांच्या खालच्या भागावर जी रुंद प्लास्टिकची पट्टी आहे, तिच्या मागे पत्रा सडतो, जॅक लावतात तिथेही. वरून चकचकीत दिसेल. खाली झोपून बघायला माणूस न्या, टाय घातलेला नको.

म्हणजे बघा ताई, बीटल आपलं दुखणं हाताला सांगते, मर्सिडीज वायरीच्या आत लपवते. तुमची गाडी उद्या होटगी रोडला बंद पडली तर पेट्रोल, करंट आणि वारा, एवढ्या तीनच गोष्टी तपासायच्या. इंजिन गाडीला फक्त चार बोल्टांवर धरलेलं असतं. आम्ही दोघे जण ते खाली उतरवून दुपारच्या भाकरीआधी बाकावर ठेवायचो. तिचे पार्ट आजही नवे बनतात, कारण २००३च्या जुलैत मेक्सिकोत शेवटची बाहेर पडली तोवर २ कोटी १५ लाखांवर बीटल झाल्या होत्या. दुर्मीळ म्हणून कुणी ती जपत नाही. घरच्या माणसाला, गावातल्या फिटरला ती जपता येते, म्हणून टिकते. माझं मत इथेच पडलं.

आता कागद. इथे मिस्टरांचा मुद्दा थोडा जड होतो, तोही सांगायला हवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या गाड्यांची फी वाढवली. साध्या मोटारीला १० हजार, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. तुमची बीटल बाहेरून आलेली, ती मर्सिडीज पिंपरीला जुळवलेली. एकाच देशाच्या दोन गाड्या, आणि फी अशी. आरसीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. पर्यावरण कर वेगळाच.

पण बीटलला एक दुसरं दार आहे जे मर्सिडीजला नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, २० हजार फी, दहा वर्षांची नोंदणी, पुढच्या वेळी ५ हजार. मारुतीचं इंजिन घातलं की हे दार बंद, म्हणून मघाशी धोंडा म्हटलं. यात गोम एवढीच की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, मेळावा, देखभाल यासाठी रस्त्यावर आणायची. दर गुरुवारचं अक्कलकोट त्यात बसेल का, हे आपल्या आरटीओत जाऊन, लेखी विचारून घ्या. तोंडी नको. खिडकीवरचा माणूस बदलला की उत्तर बदलतं.

मिस्टरांना सांगा, डब्ल्यू १२४ जगभरात पंचवीस लाखांवर बनल्या. पाच वर्षांनीही एखादी सापडेल. मामंजींची बीटल एकदा गेली की दुसरी मिळेल, ती मिळणार नाही. आणि त्यांना मर्सिडीजचा मान राखायचाच असेल तर एक गंमत सांगा : याच डब्ल्यू १२४ची सर्वांत तिखट जात, ५०० ई, मर्सिडीजने पोर्शेच्या कारखान्यात बांधून घेतली होती. फिरून फिरून गाडी बीटलवाल्या पोर्शेच्याच घरात.

आता शेडमध्ये काय करायचं ते. सर्वांत आधी, चावी लावायची नाही. कुणी बॅटरी आणून स्टार्टर मारतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सहा वर्षांचं पेट्रोल म्हणजे डिंक झालेला असतो. टाकी पुढच्या झाकणाखाली आहे, ती रिकामी करून धुवायची. पेट्रोलचे रबरी पाइप मुकाट्याने सगळे बदलायचे, किती का चांगले दिसेनात. इंजिन पेट्रोलच्या पाइपखाली आहे आणि इंजिनाच्या धातूत मॅग्नेशियम आहे. ते पेटलं तर पाण्याने विझत नाही.

मग मागचं सीट उचला. तिथे बॅटरी असते. तिला तीन बुचं असतील तर गाडी सहा व्होल्टची, सहा असतील तर बाराची. त्या सुमारासच बदल झाला, तेव्हा अंदाजाने बल्ब आणू नका. बॅटरीखालचा पत्रा बोटाने दाबून बघा. बीटल सडते ती तिथून. आणि बॅटरीवर झाकण आहे ना, बघा. नसेल तर कुणी जाडजूड पाहुणा बसल्यावर सीटची स्प्रिंग बॅटरीला टेकते आणि धूर निघतो. मी स्वतः असा पाहुणा पळताना बघितलाय.

शेवटी प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या. सकाळी मघाशी सांगितलेला तोच २१चा पाना डायनामोच्या पुलीच्या नटाला लावायचा आणि हाताने हळूहळू फिरवायचं. जोर नाही, झटका नाही. पुली आणि तिच्याबरोबर खालची मोठी पुली फिरली तर इंजिन मोकळं आहे. हे तुम्ही स्वतः करा, मिस्टरांना करू देऊ नका. त्यांचा जीव मर्सिडीजमध्ये आहे, ते झटका देतील.

फिरलं की मला कळवा. बाकीचं पत्राने सांगण्यासारखं नाही, येऊन बघतो.

*

प्रश्न : लंबगोल मागच्या काचेची बीटल मिळतेय. विकणारा १९५९चं मॉडेल सांगतो. घेऊ का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : १९५३च्या मार्चपर्यंत मागची काच मधे दुभागलेली होती. तिथून १९५७च्या मध्यापर्यंत लंबगोल. पुढे मोठी, चौकोनाकडे झुकलेली. १९५९ला लंबगोल काच असायचं कारण नाही. तेव्हा एक तर कागद एका गाडीचा आहे आणि टप (वरची बॉडी) दुसऱ्या गाडीचा, किंवा कुणीतरी पत्रा कापून काच लहान केलीय. बीटलचा टप खालच्या तळाला बोल्टांनी बसवलेला असतो, उचलून दुसऱ्या तळावर ठेवणं अवघड नाही. मागचं सीट काढा, मधल्या उंचवट्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. इंजिन नंबर डायनामोच्या बैठकीखाली. दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर जुळले आणि किंमत साध्या बीटलची असेल तर घ्या. लंबगोल काचेचे जादा पैसे मागत असेल तर नमस्कार करून एसटी पकडा.

*

प्रश्न : माझी १९६५ची बीटल आहे. उन्हाळ्यात फार तापते. पाणी नसल्यामुळे आपल्या हवेत ही गाडी चालत नाही, असं सगळे म्हणतात. फोटो जोडला आहे. (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : सगळे म्हणतात त्यांच्या गाडीत पाणी असतं आणि तेही उकळतं. ४३ अंशातही बीटल चालते, फक्त तिचा वारा चोरू नका. इंजिनाभोवतीचे काळे पत्रे कुणी ‘हवा लागावी’ म्हणून काढून ठेवले असतील तर आधी परत बसवा. ते वारा सिलिंडरवर वळवायला आहेत. कडेचं रबर फाटलं असेल तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा वर ओढतो. तेल फक्त अडीच लिटर बसतं आणि फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, म्हणून तेल लवकर बदला.

तुमच्या वर्षाच्या गाडीत ऑइल कूलर पंख्याच्या डब्याच्या आत, तीन नंबरच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत उभा असतो. त्या सिलिंडरला उरलासुरला गरम वारा मिळतो, आणि व्हॉल्व्ह जळला तर बहुतेक त्याचाच. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच बघायचे. थोडी टिकटिक चालेल, पण घट्ट ठेवू नका.

हे सगळं नंतर. फोटोत मागच्या काचेखालच्या जाळीवर कॅरिअर ठोकून चादरींचं गाठोडं बांधलेलं दिसतंय. पंख्याला हवा त्याच जाळीतून जाते. गाठोडं सोडा आणि आत मागच्या सीटवर ठेवा.